यादवबाईंचं गाऱ्हाणं

घोडपदेवच्या दवाखान्यातल्या पोलंडच्या सिस्टरचं खरं नाव यादविगा. पण असलं नाव तोंडात घोळवत बसायला चाळीतल्या बायकांना सवड कुठली? कडेवर पोर, हातात औषधाची बाटली आणि मागे रांग. आठवड्याभरात तिची यादवबाई झाली आणि शेवटपर्यंत ती यादवबाईच राहिली. नाव तिला शोभायचंही, कारण ही उंचपुरी, निळ्या डोळ्यांची, उन्हानं लालबुंद झालेली बाई अस्सल कोल्हापुरी बोलायची. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत रशियनांनी तिला कॉन्व्हेंटमधून उचलून बर्फाच्या मुलखात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे आलेल्या पोलिश लोकांची छावणी कोल्हापूरशेजारी वळिवड्याला पडली, त्यात ती होती. छावणी मोडली तेव्हा बाकीचे विलायतेला गेले आणि ही मुंबईला येऊन एका लहानशा कॉन्व्हेंटच्या दवाखान्यात जखमा धुवायला लागली. मराठी शिकली होती ती वळिवड्याच्या दूधवाल्या-भाजीवाल्या बायकांकडून. त्यामुळे ती "मी येतो, मी जातो" म्हणायची आणि इंजेक्शन बघून पोरानं भोकाड पसरलं की विचारायची, "गप की रं, मुडदा पाडायला लागलोय व्हय तुझा?" बायका पदर तोंडाला लावून हसत.

हे हसणं थांबायचं ते दुपारी तीन वाजता. तीन वाजले की यादवबाई हातातलं काम टाकून मलमपट्टीच्या खोलीतल्या तसबिरीसमोर उभी राहायची. आधी ओठ हलत. मग कधीकधी तेही थांबत आणि बाई जागेवर असून नसल्यासारखी होई. एकदा उकळत्या पाण्याची किटली तशीच हातात राहिली, पाणी पायावर सांडत होतं आणि हिला पत्ता नाही. नंतर फोड आले तेव्हा मात्र चारचौघींसारखी कळवळली.

आता घोडपदेवात निम्मी वस्ती कोकणातली. असल्या गोष्टी ओळखायला कोकणातल्या माणसाला वेळ लागत नाही. बायकांनी ठरवून टाकलं की यादवबाईला अवसर येतो, म्हणजे अंगात देव येतो. आणि ज्याच्या अंगात देव येतो तो कौल देतो, विचारल्या प्रश्नाचं उत्तर देतो, हे काय कुणी शिकवायला हवं? रमाबाईनं विचारलं, नवऱ्याला काम कधी लागेल. दुसरीनं हरवलेल्या नथीची चौकशी केली. यादवबाई दोघींना म्हणाली, "मी काय कौलबिल देत न्हाई. डोळ्यांत औषध घाल जा." बायकांनी त्यातूनही अर्थ काढले. पुढे रमाबाईच्या नवऱ्याला खरंच काम लागलं, मग तर बोलायलाच नको.

कौसल्या तिच्याकडे गेली ती असाच कौल घ्यायला.

कौसल्या कुडाळकडची. नवरा कोंडीराम लालबागच्या एका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. एकच मुलगा, जयवंत, नुकताच बापाच्या ओळखीनं गिरणीत चिकटलेला. छप्पन्न सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही असं कळलं आणि सगळं गिरणगाव रस्त्यावर आलं. जयवंतही गेला. लालबागच्या नाक्यावर पोलिसांनी गोळीबार केला आणि संध्याकाळी जयवंत चादरीखाली घरी आला. त्या दिवसापासून कोंडीराम हुतात्म्याचा बाप झाला. सभा असली की त्याला पुढे बसवत, त्याच्या गळ्यात हार घालत. तो हार तो घरी आणून जयवंतच्या फोटोला घाली आणि तेवढ्यावर त्याचं कसंबसं भागे. कौसल्याचं भागत नव्हतं. हुतात्मा हा शब्द तिच्या जिभेवर नीट बसतही नसे. तिला तिचा जया हवा होता, आणि तो मिळायचा नव्हता हे कळत होतं म्हणून तिला निदान एक उत्तर हवं होतं.

त्याचं असं होतं की त्या दिवशी नाक्यावर बंदुका घेऊन उभ्या असलेल्या पोलिसांत शिवा होता. शिवा म्हणजे त्यांच्याच गावचा. मुंबईत आला तेव्हा कौसल्याच्या खोलीत पोटमाळ्यावर झोपलेला, तिच्या हातचं जेवलेला. जयाला सायकल चालवायला त्यानंच शिकवलं होतं. पुढे तो पोलिसात लागला, लग्न झालं, मालनला घेऊन जवळच्या पोलीस चाळीत राहू लागला, तरी दर गणपतीला दोघं यायची. गोळीबारानंतर तो कधीच आला नाही. त्याला रांगेत पाहिलेली माणसं होती. पण गोळी कुणाची लागली ते कुणी पाहिलं नव्हतं. कौसल्या रात्रंदिवस तेवढंच घोकत असे. शिवाची की दुसऱ्या कुणाची? एवढं कळलं तर आपल्याला झोप लागेल, असं तिला वाटे.

ती मुद्दाम तीनच्या सुमारास गेली आणि यादवबाई तसबिरीसमोरून वळायची वाट बघत उभी राहिली.

"माका एकच सांग," ती म्हणाली. "माझ्या झिलाक गोळी कोणी मारल्यान? शिवान की दुसऱ्या कोणी?"

यादवबाईला मालवणी समजेना. मग कौसल्यानं सगळं पहिल्यापासून, शहरी मराठीत, अडखळत सांगितलं. यादवबाईचा लाल चेहरा उतरला.

"मला ठावं न्हाई गं," ती म्हणाली.

"मग तुमच्या देवाला विचारा."

"त्येला समदं ठावं हाय. पर त्यो चुगल्या सांगत न्हाई."

कौसल्याला वाटलं होतं काहीतरी नारळ-तांदूळ मागतील, अमावास्येला ये म्हणतील. इतकं सरळ "नाही" तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती मटकन तिथेच फरशीवर बसली आणि जया गेल्यापासून जे चारचौघांत आलं नव्हतं ते रडू तिला आलं. यादवबाईही तिच्या शेजारी फतकल मारून बसली. ना पाठीवर हात, ना समजुतीचे शब्द. रांगेतल्या बायका ताटकळल्या, कुरकुरल्या. ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी कौसल्या पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. मग यादवबाईनं तिला बँडेजं आणि चादरी धुण्याच्या कामावर ठेवून घेतलं.

काम करता करता तिनं ती तसबीर नीट बघितली. पांढऱ्या झग्यातला येशू, एक हात आशीर्वादाचा, दुसरा छातीवर, आणि छातीतून निघालेले दोन झोत, एक लाल आणि एक पांढरट. यादवबाई सांगायची, आमच्या मुलखात फाउस्तिना नावाची एक सिस्टर होऊन गेली. शिकलीसवरलेली नव्हे. कॉन्व्हेंटात रांधायची, बागेत राबायची, दार उघडायची. तिला येशू दिसला आणि म्हणाला, माझं असं चित्र काढून घे, आणि लोकांना सांग की माझ्या दयेला तळ नाही. जो सगळ्यात मोठा पापी, त्याचा तिच्यावर पहिला हक्क. चित्रकारानं चित्र काढलं तर ही रडायला लागली, कारण खरा तो त्याहून कितीतरी सुंदर होता. भर तारुण्यात क्षयानं गेली बिचारी.

"आणि हे झोत कसले?" कौसल्यानं विचारलं.

"रगत आन् पाणी. त्यो मेल्यावर छातीत भाला खुपसला, तवा रगत आन् पाणी आलं. दुपारी तीनला मेला त्यो."

कौसल्या हातातलं बँडेज गुंडाळत राहिली. जयाचा सदरा तिनं स्वतः धुतला होता, कुणाला हात लावू दिला नव्हता. पहिलं पाणी लाल आलं, मग गुलाबी, मग स्वच्छ आलं तरी ती धुतच राहिली होती. लाल आणि पांढरं म्हणजे काय ते तिला या सिस्टरनं सांगायची गरज नव्हती.

यादवबाई तीनला जे म्हणायची ती एक प्रार्थना होती. एकानं अर्धं म्हणायचं, "त्येनं सोसलं त्यापायी", आणि बाकीच्यांनी पुरं करायचं, "आमच्यावर आन् सगळ्या जगावर दया कर." कॉन्व्हेंटातल्या इतर सिस्टरांना या नव्या भक्तीची फारशी गोडी नव्हती, त्यामुळे दोन्ही बाजू यादवबाईच लढवायची. कौसल्यानं हे ऐकलं आणि ती म्हणाली, "हे तर आमचं गाऱ्हाणंच झालं."

मग तिनं समजावून सांगितलं. गावात काही शुभ-अशुभ असलं की एक जाणता माणूस देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. बा देवा म्हाराजा, अमक्याचं असं झालंय, तमक्याचं तसं झालंय, चुकलंमाकलं पदरात घे. नाव घेऊन सांगायचं, मोघम नाही. आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. हे म्हणणारं दुसरं कुणी लागतंच. स्वतःच गाऱ्हाणं घालायचं आणि स्वतःच व्हय म्हाराजा म्हणायचं, असं चालत नाही. ते देवापर्यंत पोचत नाही.

यादवबाई खूश झाली. त्या दिवसापासून कुणी काही सांगितलं की तिचं सुरू. बाई, आज बँडेजं वाळली नाहीत. "व्हय म्हाराजा." बाई, फिनेल संपलं. "व्हय म्हाराजा." कोल्हापुरी ठसक्यातलं ते म्हाराजा ऐकून कौसल्याला हसू यायचं, आणि हसू आल्याचं मग वाईटही वाटायचं.

तीन वाजता मात्र ती यादवबाईशेजारी उभी राहू लागली. ख्रिस्ती व्हायचं कुणी म्हटलं नाही, तिच्या मनातही आलं नाही. घरी कोनाड्यात गावचा देव रवळनाथ होताच. यादवबाई म्हणे, "त्येनं सोसलं त्यापायी", आणि कौसल्या म्हणे, "आमच्यावर दया कर." तेवढंच. पुढचे शब्द यादवबाई एकटी म्हणायची.

काही दिवसांनी यादवबाईनं विचारलं, "सगळ्या जगावर का म्हनत न्हाईस?"

"सगळ्या जगात शिवा येतो?"

"येतो की."

"मग मी म्हणूचंय नाय."

यादवबाई म्हणाली, "बरं. मी म्हनतो तुझ्यासाठी." आणि पुढे तीनेक वर्षं ती म्हणत राहिली. कौसल्या अर्ध्यावर थांबायची, यादवबाई पुरं करायची. रागावली नाही, उपदेश केला नाही. उपदेश केला असता तर कौसल्यानं सरळ भांडून काम सोडलं असतं, आणि तेच एका परीनं सोपं गेलं असतं.

मधल्या काळात एकदा शिवाची बायको मालन दवाखान्यात आली. कडेवरच्या मुलीला डांग्या खोकला झालेला, पोर खोकून खोकून निळी पडलेली. "काकी," मालन म्हणाली. कौसल्यानं ऐकलं न ऐकलंसं केलं आणि बादली उचलून मोरीत गेली. पण यादवबाईनं तिला हाक मारली, पाणी तापवायला सांगितलं, वाफेचं भांडं धरायला लावलं. भांडं धरायचं तर समोर बसणं आलं. पोरीला जरा झोप लागली तेव्हा मालन खाली मान घालून बोलली.

"ते लालबागवरसून जाईत नाय आता, काकी. ड्युटी परळाक लागली तरी रे रोडवरसून शिवडेक वळसो घालून जातत. झोपेत जया म्हणान हाक मारतत."

कौसल्यानं वर पाहिलं. "गोळी तेची होती?" तिनं विचारलं. इतकी वर्षं देवाला विचारलेलं तिनं शेवटी माणसाला विचारलं.

"तेंकाच ठावूक नाय," मालन म्हणाली. "डोळे मिटून बार काढलंय म्हणतत."

म्हणजे उत्तर कुणापाशीच नव्हतं. शिवानं हो म्हटलं असतं तर कौसल्या त्याला पोटभर शिव्याशाप देऊन मोकळी झाली असती. नाही म्हटलं असतं तर शाप द्यायला दुसरा कुणी शोधला असता. आता काय करायचं? मालननं पुन्हा काकी म्हटलं, पण कौसल्यानं भांडं खाली ठेवलं आणि ती उठून गेली. पोरगी पुढे बरी झाली. त्या दिवशी तीनला "सगळ्या जगावर" म्हणायचा प्रयत्न कौसल्यानं करून पाहिला. जमलं नाही. यादवबाईनं ते पाहिलं आणि नेहमीसारखं पुढचं म्हणून टाकलं.

आणि एकोणसाठ साली रोमहून हुकूम आला. सिस्टर फाउस्तिनानं सांगितल्या प्रकारची ही तसबीर आणि ही भक्ती पसरवू नये. तिच्या लिखाणाची भाषांतरं चुकीची झाली होती म्हणे, मोठ्या पाद्र्यांना शंका आल्या होत्या. पुढे वीसेक वर्षांनी रोमनंच ही बंदी उठवली. पण वीस वर्षं म्हणजे काय माणसाच्या हातातली गोष्ट असते? मदर सुपीरियरनं जेवणघरात हुकूम वाचून दाखवला तेव्हा सगळ्या सिस्टर यादवबाईकडे बघायला लागल्या. मदर वाईट बाई नव्हती. तिलाही ते जड गेलं. यादवबाई जेवण अर्धवट न टाकता पुरं जेवली, ताट धुतलं, मग मलमपट्टीच्या खोलीत स्टुलावर चढली आणि स्वतःच्या हातानं तसबीर उतरवली. उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून मदरच्या हातात दिली. भिंतीवर तसबिरीएवढा चौकोन पांढरा राहिला, कारण बाकीची भिंत धुरानं काळवंडली होती.

कौसल्या धुणं टाकून आली. "ह्यांका कोणी अधिकार दिल्यान?" ती म्हणाली. "तुम्ही कित्याक ऐकलात?"

"मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं. फाउस्तिना बी ऐकायची."

"म्हणजे खोटं होतं सगळं?"

"खोटं म्हटलं न्हाई. थांब म्हटलंय." यादवबाई हसली, पण डोळे भरलेले होते. "थांबायला मला येतंय. बर्फात लई थांबलोय मी."

त्यानंतरही तीन वाजता ती त्या पांढऱ्या चौकोनासमोर उभी राहायची. पण ओठ मिटलेले. कौसल्याला ते बघवत नसे. एक दिवस ती म्हणाली, "हुकूम ख्रिस्त्यांना आहे ना? मी कुठे ख्रिस्ती आहे? मी म्हटलं तर मला कोण अडवणार?"

"तुला कोन अडवतंय?" यादवबाई म्हणाली. "पर मी तुला म्हन म्हनत न्हाई हं. तसं केलं तर ती पळवाट झाली."

कौसल्या घरी येऊन विचार करत बसली. सबंध घोडपदेवात ती प्रार्थना उघडपणे म्हणायला मोकळी अशी एकच बाई उरली होती, आणि ती म्हणजे आपण. पण आता ती म्हणायची तर सगळीच म्हणायला हवी. अर्ध्यावर थांबलं तर पुढचं पुरं करायला कुणी नव्हतं. तिनं म्हटली नाही. सबंध वर्ष गेलं, रोज तीन वाजत होते, आणि दोघी बायका रिकाम्या भिंतीसमोर मुक्या उभ्या राहत होत्या. एकीला बंदी होती म्हणून, आणि दुसरीला नव्हती म्हणून.

साठ साल उजाडलं तेव्हा यादवबाईचे पाय सुजायला लागले. मग धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आता झोपून राहा. मलमपट्टीच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती, तिथे तिची खाट टाकली. दार उघडं ठेवलं की खाटेवरून तो चौकोन दिसायचा. तिकडे गिरणगावात वेगळीच धांदल. मे महिन्याच्या एक तारखेला महाराष्ट्र होणार, मुंबईसकट होणार. लालबाग-परळला कमानींचे बांबू येऊन पडले, चाळींना चुना लागला. कोंडीरामला एका समारंभाचं बोलावणं आलं, हुतात्म्यांच्या घरच्यांना स्टेजवर बसवणार होते.

"नवीन लुगडं घे," तो म्हणाला. "जयाच्या रक्ताचं चीज झालं, कौसल्या." एवढं म्हणून तो खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. कौसल्याला त्याची दया आली. त्याला वाद घालणारं कुणी नको होतं, तेव्हा ती हो म्हणाली.

ईस्टर होऊन पुढचा रविवार आला. हा दिवस दयेचा सण म्हणून पाळावा असं येशूनं फाउस्तिनाला सांगितलं होतं, असं यादवबाईनं एकदा बोलता बोलता म्हटलेलं कौसल्याच्या लक्षात होतं. दवाखाना बंद होता, तरी ती गेली. आदल्या दिवशीच पाद्रीबाबा येऊन यादवबाईला तेल लावून, शेवटचे संस्कार करून गेले होते. मदरनं कौसल्याला खाटेजवळ बसवलं आणि सिस्टर सगळ्या दुपारच्या प्रार्थनेला चॅपेलात गेल्या. यादवबाई उशांना टेकून होती. श्वास घेताना छातीत पाणी खळखळावं तसा आवाज येत होता. मधूनच ती कौसल्याचा हात चाचपडत होती.

व्हरांड्यातल्या घड्याळात तीन वाजले. यादवबाईनं डोळे उघडले आणि दारातून पलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. तिचे ओठ हलायला लागले. आणि मग आठवण झाल्यासारखे तिनं ते गच्च मिटून घेतले.

मरतानासुद्धा? कौसल्याला आधी संताप आला, रोमचा, मदरचा, खुद्द यादवबाईचा. मग तिनं ते मिटलेले ओठ पाहिले. इतकी वर्षं ही बाई आपल्या वाटचं म्हणत आली, आणि आज तिच्या वाटचं म्हणायला कुणी नाही. कौसल्या उठली. भिंतीकडे तोंड करून तिनं हात जोडले. गावात हे काम बायका करत नाहीत. पण इथे होतं कोण दुसरं?

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली. "आज ही तुझी दोन लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत. एक कुडाळची, एक पोलंडची."

"व्हय म्हाराजा," मागून आलं. आवाज नव्हताच, नुसता श्वास. पण कौसल्याला तो ठसका ओळखू आला. हे शब्द रोमच्या कुठल्याही कागदात लिहिलेले नव्हते. ते म्हणायला यादवबाई मोकळी होती.

"ह्या बायेन बर्फात दिवस काढल्यान. परक्या मुलखात येवन आमच्या पोरांचे घाव धुतल्यान. तिका आता आणखी तरास नको, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तुझ्या छातीतसून रगात आणि पाणी इला. माझ्या झिलाच्या पण इला. ता काय असता, तुका सांगूक नको. तू सोसलंस त्यापायी आमच्यावर दया कर, म्हाराजा."

"व्हय," मागून आलं. तेवढंच.

आता ते शब्द. कौसल्याला वाटलं होतं घसा दाटेल, जीभ अडकेल. तसं काही झालं नाही. इतकी वर्षं अडून बसलेलं ते रांधताना भांडं कलंडावं तसं सहज बाहेर आलं. आणि गाऱ्हाण्यात मोघम चालत नाही, नाव घ्यावं लागतं.

"आणि सगळ्या जगावर दया कर, म्हाराजा. शिवावर कर. गोळी तेची आसांदे, नायतर दुसऱ्या कोणाची आसांदे. तेका पदरात घे."

ती थांबली. हात जोडलेले, नजर भिंतीवर. मागून काहीच आलं नाही. श्वास घ्यायला वेळ लागत असेल, म्हणून ती थांबून राहिली. व्हय म्हाराजा म्हणणारं कुणी नसेल तर गाऱ्हाणं अर्धं राहतं, आणि हे गाऱ्हाणं अर्धं राहिलं तर आपल्याच्यानं पुन्हा होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिला मागे वळून बघायचा धीर होईना.

"व्हय म्हाराजा," दारातून आवाज आला.

तो यादवबाईचा नव्हता. दारात मालन उभी होती, एका हातात शहाळं, दुसऱ्या हाताला धरलेली मुलगी. यादवबाईला बघायला आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि तिच्या तोंडावर पाणी ओघळत होतं.

कौसल्यानं मग खाटेकडे पाहिलं. यादवबाईचे डोळे त्या चौकोनाकडे लागलेले तसेच उघडे होते. छातीतली खळखळ थांबली होती. ती केव्हा गेली? "सगळ्या जगावर" म्हटलं तेव्हा होती, की त्याच्या आधीच? ज्या दोन शब्दांसाठी या बाईनं इतकी वर्षं वाट पाहिली, एकदाही मागितले नाहीत, ते तिच्या कानावर पडले की नाही? कौसल्याला हे कधीच कळणार नव्हतं. आयुष्यात तिच्या वाट्याला आलेला हा दुसरा प्रश्न, ज्याचं उत्तर कुणापाशी नव्हतं. एक दिवस आधी म्हटलं असतं तर? कालही तीन वाजलेच होते की. ती खाटेच्या कडेवर डोकं टेकून रडली, जयासाठी रडली होती तशी, आवाज न आवरता.

मालननं शहाळं खाली ठेवलं आणि जवळ येऊन ती हळूच म्हणाली, "काकी."

या वेळी कौसल्या उठून गेली नाही. तिनं यादवबाईचे डोळे मिटले, तिचा हात चादरीखाली नीट ठेवला. पदरानं तोंड पुसलं. चॅपेलातून सिस्टरांचं गाणं ऐकू येत होतं, त्यांना बोलावून आणायला हवं होतं. पण त्याआधी ती मालनकडे न बघता म्हणाली,

"शिवाक सांग, लांबचो फेरो घालू नको. लालबागच्या नाक्यावरसून सरळ ये. काकीन सांगल्यान म्हणान सांग."

"सांगतंय," मालन म्हणाली आणि तिनं मुलीला कौसल्याजवळ बसवलं. मग ती सिस्टरांना बोलवायला गेली.